मगनवाडीचे हिशेबनीस

कापसाची शेवटची वेचणी झाली की वर्धा जिल्ह्यात बांधावर पऱ्हाटीचे ढीग लागतात. थोडी चुलीत जाते, उरलेली बरेचदा शेतातच पेटवतात. या पऱ्हाटीचा भुसा किंवा धागा विघटनशील प्लास्टिकमध्ये मिसळून ताटे, कुंड्या, फळ्या करण्याचे प्रयोग आता जगभर चालू आहेत. शेतातल्या काडीकचऱ्याचा असा विचार वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वीच एका माणसाने केला होता. गंमत म्हणजे तो ना शास्त्रज्ञ होता, ना शेतकरी. तो हिशेबनीस होता.

जे. सी. कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला ते हिशेबतपासनीस झाले, मुंबईत व्यवसाय थाटला, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारण शिकले. भारत गरीब का, हा प्रश्न त्यांना तिथेच चिकटला. १९२९ मध्ये साबरमतीला गांधीजींची भेट झाली आणि सुटाबुटातला हा माणूस खादीत आला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पा त्याचा कारभार पाहू लागले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९३३ मध्ये, इंग्लंडच्या एका प्रयोगशाळेत पॉलिथिन अपघाताने हाती लागले होते. मगनवाडीत मात्र घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप आणि हातकागद यांवर काम चालले होते. यातला कागद आपल्या विषयाला सर्वांत जवळचा. वनस्पतीच्या धाग्यात सेल्युलोज असते. धागा शिजवून, कुटून लगदा केला आणि चाळणीवर पसरून वाळवला की तंतू एकमेकांना स्वतःच धरून ठेवतात. वेगळे प्लास्टिक लागत नाही.

प्लास्टिकमध्ये धागा घालताना अडचण होते ती इथेच. सेल्युलोजला पाण्याची ओढ, तर बहुतेक प्लास्टिकला पाणी नको. दोघांची पकड सैल राहते, वस्तू ओल धरते, फुगते. म्हणून धागा आधी सौम्य अल्कलीत धुतात. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होणारे पॉलिलॅक्टिक आम्ल हे सर्वांत परिचित विघटनशील प्लास्टिक. तेही मोठ्या कंपोस्ट केंद्रातल्या साठेक अंश उष्णतेत लवकर कुजते. शेतातल्या मातीत रेंगाळते.

कुमारप्पांच्या हिशेबाचा कस इथे लागतो. खाणीतला कोळसा किंवा खनिज तेल हा साठा, वापरला की संपला. पीक, गवत, शेण हा वाहता प्रवाह. माणसाने प्रवाहावर जगावे, असे त्यांचे म्हणणे. पण शेतातून आलेला म्हणून कुठलाही माल ते चांगला मानत नसत. गिरण्यांसाठी लांब धाग्याचा कापूस आणि जाड सालीचा ऊस लावून अन्नाची जमीन अडवायला त्यांचा ठाम विरोध होता. मक्याचे प्लास्टिक करावे की भाकर, हा आजचा वाद त्याच जातीचा आहे. आणि ज्याला कारखाना टाकाऊ म्हणतो, ते गावात खरेच टाकाऊ असते का? सोयाबीनचे कुटार गुरे खातात, पऱ्हाटीवर एखाद्या घरचा स्वयंपाक होतो. ती उचलून नेली तर त्या बाईने चुलीत काय घालायचे, हा रकाना प्रकल्प-अहवालात क्वचितच दिसतो.

युद्धकाळात सरकारच्या चलनफुगवट्यावर टीका केल्याने कुमारप्पा तुरुंगात गेले. तिथेच त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला. सुटल्यावरही मिळमिळीत बोलणे त्यांना जमले नाही. स्वतंत्र भारताच्या सरकारशीही त्यांचे फारसे पटले नाही. मगनवाडी सोडून ते याच जिल्ह्यातल्या सेलडोहला शेतीचे प्रयोग करायला गेले. पुढे रक्तदाबाने शरीर थकले आणि ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टीच्या आश्रमात राहिले. ३० जानेवारी १९६० रोजी मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले. मगनवाडीत १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही सुरू आहे.