रक्ताभिसरणाचा शोध लावणारे विल्यम हार्वे

आपलें रक्त अंगांत एका जागीं उभें राहत नाहीं, तें सतत फिरत असतें, हें आज शाळेंतील मूलहि सांगेल. परंतु सुमारें चारशें वर्षांपूर्वीं हीच गोष्ट सांगणाऱ्या मनुष्यास लोकांनीं वेडसर ठरविलें. ते विल्यम हार्वे नांवाचे इंग्रज वैद्य होत. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

हार्वे यांचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजीं इंग्लंडांतील केंट प्रांतीं, फोक्स्टन या समुद्रकांठच्या गांवीं झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत वडील. केंब्रिज येथील शिक्षण संपल्यावर ते इटलींतील पादुआ शहरीं गेले व सन १६०२ मध्यें वैद्यकाची पदवी घेऊन परतले. तेथील त्यांचे गुरु फॅब्रिशियस यांनीं शिरांच्या आंतील लहान लहान झडपा शिष्यांस दाखविल्या होत्या. त्या कशासाठीं आहेत हें मात्र गुरूंसहि नीट उमगलें नव्हतें.

त्या काळीं वैद्यकांत गॅलेन या ग्रीक पंडिताचा शब्द प्रमाण असे. हा पंडित दुसऱ्या शतकांतला. अन्नापासून यकृतांत रक्त बनतें, तें शिरांतून अंगभर जातें आणि पाटाचें पाणी शेतांत जिरावें तसें मांसांत जिरून जातें, असें त्याचें मत होतें. (आपल्याकडे यकृत व हृदय या दोहोंसहि काळीज हा एकच शब्द चालतो, तेव्हां आम्हीं त्या जुन्या लोकांस हंसूं नये.) हृदयाच्या मधल्या पडद्याला सूक्ष्म छिद्रें असून त्यांतून रक्त झिरपतें, असेंहि तो शिकवी. तीं छिद्रें कोणाच्या दृष्टीस पडलीं नव्हतीं, तरी हा पाठ पिढ्यान्‌पिढ्या चालला.

हार्वे सन १६०९ मध्यें लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे वैद्य झाले. रोग्यांचें काम संभाळून त्यांनीं साप, बेडूक, मासे अशा प्राण्यांचीं हृदयें चालतांना पाहिलीं. कारण या थंड रक्ताच्या प्राण्यांचें हृदय सावकाश चालतें व त्याची हालचाल डोळ्यांस दिसते. मग त्यांनीं साधा हिशोब मांडला. मनुष्याचें हृदय अर्ध्या तासांत हजाराहून अधिक वेळां आंखडतें. दर वेळीं निदान अर्धा औंस रक्त बाहेर पडतें असें धरलें, तरी अर्ध्या तासांत पांचशें औंस, म्हणजे सुमारें चौदा किलो रक्त झालें. इतकें रक्त सबंध शरीरांतहि नसतें, आणि इतकें अन्न तर कोणी खात नाहीं! पूर्वीं आपल्या विहिरींवर मोट चाले. मोटेनें उपसलेलें पाणी फिरून विहिरींतच येत असेल, तरच विहीर कधीं आटणार नाहीं. तसें हृदयांतून गेलेलें रक्त फिरून हृदयाकडेच आलें पाहिजे, असा त्यांनीं निर्णय केला. आज आपणांस ठाऊक आहे कीं, स्वस्थ बसलेल्या मनुष्याचें हृदय मिनिटास सुमारें पांच लिटर रक्त लोटतें, आणि अंगांत सर्व मिळून रक्तहि जवळजवळ तेवढेंच असतें.

झडपांचें कोडें त्यांनीं दंडाला पट्टी बांधून सोडविलें. आमच्या उपदेशक बंधूंनीं हें स्वतः पाहावें. पट्टी फार आवळूं नये व लगेच सोडावी. हाताच्या शिरा फुगून त्यांवर गांठी दिसतात. त्या झडपांच्या जागा. एका बोटानें शीर दाबून धरावी व दुसऱ्या बोटानें तेथून वरच्या गांठीपलीकडे रक्त सारावें. मधली शीर रिकामीच राहते. वरचें रक्त खालीं उतरत नाहीं. म्हणजे शिरांतील रक्ताला हृदयाकडे जाणारी एकच वाट मोकळी आहे.

सन १६२८ मध्यें फ्रँकफुर्ट येथें त्यांचें लॅटिन पुस्तक छापून निघालें. अवघीं ७२ पृष्ठें! त्यानंतर त्यांचे रोगी कमी झाले व वैद्यांनीं विरोध मांडला. हार्वे यांनीं वादांत वेळ घालविला नाहीं. पॅरिसच्या रिओलान यांस त्यांनीं छापील उत्तर दिलें, तेंहि सन १६४९ मध्यें.

सन १६३४ मध्यें लँकेशायरच्या चार स्त्रियांवर चेटूक केल्याचा आळ आला. हार्वे राजे पहिले चार्ल्स यांचे वैद्य होते. त्यांच्या देखरेखीखालीं शस्त्रवैद्य व सुइणींनीं त्या स्त्रियांस तपासलें, आणि सृष्टिनियमाबाहेरचें असें कांहीं आढळलें नाहीं. आळ घेणाऱ्या मुलानें आपण खोटें बोललों हें पुढें कबूल केलें. आपल्या गांवांतूनहि निराधार बाईकडे चेटकीण म्हणून बोट दाखविणारे लोक असतात, म्हणून ही हकीकत आम्हांस त्या पुस्तकाइतकीच मोलाची वाटते.

सन १६४२ मध्यें इंग्लंडांत यादवी पेटली. हार्वे राजाबरोबर असतां शिपायांनीं लंडनमधील त्यांची खोली लुटली व बहुत वर्षांच्या टिपणांचे कागद नाहींसे झाले. या नुकसानीचें दुःख त्यांस अखेरपर्यंत होतें. त्यांस मूलबाळ नव्हतें. ३ जून १६५७ रोजीं त्यांचा अंत झाला व एसेक्स प्रांतीं हेंपस्टेड येथील देवळांत त्यांस ठेवण्यांत आलें.

धमन्यांतून निघालेलें रक्त शिरांत कोणत्या वाटेनें शिरतें, हें हार्वे यांस कधींच दिसलें नाहीं. वाट असलीच पाहिजे एवढें मात्र त्यांनीं निश्चयानें लिहून ठेविलें होतें. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, सन १६६१ मध्यें, इटलींतील माल्पिघी यांनीं बेडकाचें फुप्फुस सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरलें, तेव्हां केसाहून बारीक अशा त्या वाहिन्या प्रथम मनुष्याच्या दृष्टीस पडल्या.