‘स्मृतिचित्रे’च्या लक्ष्मीबाई

मराठीतील उत्तम आत्मचरित्रांची यादी कुणीही करायला बसले, तरी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे नाव पहिल्या दोन-तीनांत येतेच. समीक्षकांनी हे पुस्तक वाखाणले, पण त्याआधी वाचकांनी ते आपलेसे केले होते. शालेय पाठ्यपुस्तकातला एखादा उतारा वाचून मूळ पुस्तकाकडे वळलेले वाचक पिढ्यान्‌पिढ्या आढळतात. आजीने नातीला ते वाचायला दिले आणि नातीने त्याची पारायणे केली, असेही घडत आले आहे. हे भाग्य विद्वानांच्या आत्मचरित्रांना क्वचितच लाभले. लक्ष्मीबाई तर शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या.

१८६८ साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर या गावी, गोखल्यांच्या घरात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, म्हणून सारे मनू म्हणत. १८५७ च्या धामधुमीत मनूच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याने असे पछाडले की, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात येईना. मुलांना कुणाच्या घरी जाण्याची, कुणाला शिवण्याची चोरी. साऱ्या घराचे जगणे या एका वेडाभोवती फिरू लागले. दुसऱ्या कुणी हे लिहिले असते तर वाचकाचा जीव गुदमरला असता. लक्ष्मीबाईंनी मात्र हे सारे अशा खुसखुशीतपणे सांगितले आहे, की वाचक हसत राहतो आणि मग हळूच त्याच्या लक्षात येते, की त्या घरातल्या माउलीचे काय हाल झाले असतील. हसता हसता डोळ्यांत पाणी आणणे हा लक्ष्मीबाईंच्या लेखणीचा सहजधर्म होता.

१८८० मध्ये, वयाच्या अवघ्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि मनूची लक्ष्मी झाली. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्र पुढे ज्यांना ओळखू लागला, ते टिळक संसारी गृहस्थ म्हणून अगदीच विलक्षण होते. कवी, वक्ते, अभ्यासू; पण हाती पैसा टिकत नसे. समोर कुणी गरजू आला, की खिशात असेल ते त्याच्या हाती जाई. आज या गावी नोकरी, तर उद्या त्या गावी. लहर लागली की घरात न सांगता निघून जाणे हेही नित्याचेच. राग आला तर जमदग्नी आणि ओसरला तर लहान मूल. अशा माणसाशी संसार करताना होणारी ओढाताण, भांडणे, समेट आणि पुन्हा भांडणे हा ‘स्मृतिचित्रे’चा मोठा आणि सर्वांत रंगतदार भाग आहे. टिळक हे त्या पुस्तकाचे नायक आहेत, पण लक्ष्मीबाईंनी त्यांना देव्हाऱ्यात बसवले नाही. त्यांचा थोरपणा त्यांनी जाणला होता आणि त्यांचे दोषही रोज भोगले होते. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत सांगण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. आपल्या पतीविषयी इतके मोकळे लिहिणाऱ्या स्त्रिया त्या काळात विरळाच.

लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांकडूनच. वाचायला त्या शिकल्या. लिहिताना मात्र जोडाक्षरे आणि शुद्धलेखन यांच्याशी त्यांचा झगडा आयुष्यभर चालला. मुले झाली आणि गेलीही. त्यांतून दत्तू तेवढा जगला.

१८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत टिळकांची एका ख्रिस्ती मिशनऱ्याशी गाठ पडली. त्याने त्यांना बायबलमधला ‘नवा करार’ दिला. टिळक तो वाचत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चित्पावन ब्राह्मण घरातल्या, नवऱ्यावर जीव असलेल्या, पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या स्त्रीवर ही बातमी कशी कोसळली असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी पाऊल टाकता येत नाही. कपाळी कुंकू आहे, पण संसार नाही. विधवेला निदान समाजाने एक जागा नेमून दिलेली होती. अशा स्त्रीला तीही नव्हती. नातलगांना भीती वाटे, की ही जिवाचे काही बरेवाईट करून घेईल. बहिणीच्या आधाराने पंढरपुरात राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी हे दुःख स्वतःच रचलेल्या पद्यांत ओतले. शिकवून न येणारी कविता त्यांच्याकडे आली ती या वाटेने.

ही ताटातूट पाच वर्षे चालली. या काळातही टिळकांचा पत्रव्यवहार तुटला नाही आणि लक्ष्मीबाईंची ओढही आटली नाही. अखेर त्या पतीकडे नगरला आल्या. पण आल्या त्या आपल्या अटींवर. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कायम. ख्रिस्ती वस्तीत राहून ब्राह्मण्य सांभाळण्याची त्यांची ती धडपड पुस्तकात मोठ्या गमतीने येते. त्यात त्या स्वतःलाही सोडत नाहीत. वाचकाला खरा धक्का बसतो तो त्यापुढे. कुणी न बोलता, कुणी न आग्रह करता त्यांचे मन आपल्याशीच वाद घालू लागले. माणूस देवाने निर्माण केला, पण जाती कुणी केल्या? हा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला, स्वतःच सोडवला आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. जातिभेद त्यांच्या मनातून आधी गेला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम महत्त्वाचा आहे. पतीमागून फरफटत गेलेली पत्नी असे त्यांचे चित्र रंगवणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा नीट वाचावे. आणि सोवळ्याच्या वेडाने झपाटलेल्या बापाची लेक हा निर्णय घेत होती, हेही विसरून चालत नाही.

पुढची वर्षे माणसांच्या राबत्यात गेली. टिळक नगरला मिशनच्या धर्मशिक्षण संस्थेत शिकवीत; पुढे ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. लेक तारा घरात आली होती. शिवाय परक्यांची पोरे, अनाथ, विद्यार्थी, कवी यांनी घर सदा भरलेले. त्यांतलाच एक त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. या हळव्या, हट्टी मुलावर लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलासारखी माया केली. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. त्यानंतर सुमारे वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी टिळकांचेही मुंबईत निधन झाले.

टिळकांचे चरित्र लिहावे, असे दत्तूच्या, म्हणजे देवदत्त टिळकांच्या मनात होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. साठी ओलांडलेल्या लक्ष्मीबाई लिहू लागल्या आणि चरित्राची सामग्री बाजूला राहून एक स्वतंत्र पुस्तकच आकाराला आले. आधी ‘संजीवनी’ नियतकालिकातून ते वाचकांसमोर गेले. मग १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने आले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. चौथा भाग त्यांच्या मागे निघाला.

वाचकांना या पुस्तकाचा एवढा लळा का लागला? एक कारण भाषा. घरात बसून, धान्य निवडता निवडता एखादी वयस्क बाई जशी गोष्ट सांगेल, तसे हे लिहिणे. वाक्ये छोटी, अलंकार जवळजवळ नाहीत; बोलण्यातली ऐट मात्र जिथल्या तिथे. त्या काळच्या मराठी गद्याचा पल्लेदारपणा लक्ष्मीबाईंना साधला नाही, हे मराठीचे केवढे नशीब! दुसरे कारण, कुणाविषयीही कडवटपणा नाही. बाप, सासरा, नवरा, समाज, सर्वांनी त्यांना छळले. पण हिशेब चुकता करण्याचा सूर कुठेच लागत नाही. याचा अर्थ त्यांनी सारे पदराखाली झाकले, असा मात्र नव्हे. जे झाले ते त्यांनी स्पष्ट सांगितले आणि निवाडा वाचकावर सोडला. धर्मांतराच्या प्रश्नावर तावातावाने भांडणारी माणसेही हे पुस्तक मिटवू शकली नाहीत, ते यामुळेच. लक्ष्मीबाईंना कुणालाच पटवायचे नव्हते. आणि तिसरे म्हणजे, स्वतःवर हसण्याची त्यांची ताकद. आपला अडाणीपणा, आपला हट्ट, आपली फजिती त्या अशा हौसेने सांगतात, की वाचक त्यांच्या घरचाच होऊन जातो.

या पुस्तकाच्या उजेडात त्यांचे दुसरे काम झाकोळले. ‘भरली घागर’ हा त्यांचा कवितासंग्रह आज फारसा कुणी उघडत नाही. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले होते. सुरुवातीचे थोडेसे अध्यायच त्यांच्या हातून झाले. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचून ते पूर्णत्वास नेले.

‘स्मृतिचित्रे’चा इंग्रजी अनुवाद १९५० मध्ये जोसेफाइन इंकस्टर यांनी केला, २०१७ मध्ये शांता गोखले यांनी तो नव्याने केला. १९८० च्या दशकात विजया मेहता यांनी पुस्तकावर चित्रपट केला, तेव्हा कागदावरच्या लक्ष्मीबाई ज्यांना तोंडपाठ होत्या, अशा अनेकांनी पडद्यावरच्या प्रसंगांत काय गाळले आणि काय ठेवले, याची चर्चा घरोघरी केली होती.