चंद्र उगवेपर्यंत



आजचं वाचन: गीता, अध्याय ९, श्लोक २६. पान, फूल, फळ, पाणी, जे काही प्रेमाने दिलं ते भगवंत घेतो, असं सांगणारा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा श्लोक.

सध्या मी रोह्याला मावशीकडे आहे. पुण्याच्या थंडीला कंटाळून पळून आलेय म्हणा ना! इथे पहाटे शाल लागते आणि दुपारी पंखा. परवा शेतात पोपटी लावली होती. भांबुर्डीच्या पाल्यात वाफवलेल्या वालाच्या शेंगा खाताना हात काळे झाले, पण कोणाला पर्वा! काल पौषातली संकष्टी. मी दर पाच मिनिटांनी मोबाईलवर चंद्रोदयाची वेळ बघत होते, आणि मावशी शांतपणे दूर्वा निवडत बसली होती. तेव्हा विनोबांची आठवण झाली.

विनोबा इथलेच. शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ ला त्यांचा जन्म झाला. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. वडील नरहरराव नोकरीसाठी बडोद्याला, त्यामुळे छोटा विन्या आई रुक्मिणीबाई आणि आजोबा शंभुराव यांच्याजवळ वाढला. आजोबा चांद्रायण व्रत करायचे. शुद्ध प्रतिपदेला एक घास, मग रोज एकेक वाढवत पौर्णिमेला पंधरा, आणि पुन्हा एकेक कमी. चंद्राची पूजा झाल्याशिवाय तो घासही नाही. वद्य पक्षात चंद्र उशिरा उगवतो, तोवर पोरगं गाढ झोपलेलं असायचं. आई त्याला उठवायची, आरतीला न्यायची, आणि आजोबा त्याच्या हातावर प्रसाद ठेवायचे. केवढासा तो प्रसाद! पण विनोबांना तो म्हातारपणापर्यंत आठवत होता.

घरी फणस कापला की आई आधी विन्याला शेजारी वाटायला पाठवायची. सगळ्यांना पोचल्यावर मग त्याचा वाटा. (आमच्याकडे आधी स्वतःचे गरे लपवले जातात, खोटं कशाला बोलू!)

मला सगळ्यात आवडते ती तांदळाची गोष्ट. आईने देवाला एक लाख तांदूळ वाहायचं ठरवलं होतं. रोज एकेक दाणा मोजून वाहायची. वडील शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी सुचवलं की एक तोळा तांदूळ मोजावेत, त्यावरून हिशोब करावा आणि थोडे जास्तच घालावेत म्हणजे कमी पडायची भीती नाही. आईला उत्तर सुचेना. तिने संध्याकाळी विन्याला विचारलं. त्याचं म्हणणं असं, की हे गणित नाहीच. दर दाण्याबरोबर देवाचं नाव येतं, वजन केलं तर ते लाख वेळा येणार कसं? आई खूश झाली आणि मोजत राहिली.

याच आईला गीता समजून घ्यायची होती. संस्कृत कळेना, म्हणून मुलाने मराठी भाषांतर आणून दिलं, पण तेही जड गेलं. मग तिने त्यालाच सांगितलं की तूच सोपी करून लिही. त्याला जमेल, याची तिला खात्री होती.

१९१६ मध्ये विनोबांनी घर सोडलं, गांधीजींच्या आश्रमात गेले. २४ ऑक्टोबर १९१८ ला आई गेली. अंत्यविधी भटजींकडून करायचे नाहीत, मी स्वतः करीन, असा त्यांचा आग्रह होता. वडिलांनी मानलं नाही. विनोबा स्मशानात गेलेच नाहीत. त्या दिवशी त्यांनी वेदांचा अभ्यास सुरू केला. खरं सांगू? हे मला अजून पचत नाही. आईच्या शेवटच्या वाटेवर तरी हट्ट सोडायला हवा होता, असं वाटतं. आणि मग कळतं की आईची एक साडी ते किती वर्षं उशाला घेऊन झोपायचे. पुढे खादीचं व्रत घेतल्यावर, ती खादीची नाही म्हणून, साबरमतीत सोडून दिली.

आईने सांगितलेलं काम मात्र राहिलं होतं. ७ ऑक्टोबर १९३० ला त्यांनी ते वर्ध्यात हातात घेतलं. सगळा हिवाळा एकेक श्लोक मराठीत उतरवत गेले. ६ फेब्रुवारी १९३१ ला सातशे श्लोक पूर्ण झाले. नाव ठेवलं गीताई. आईला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

काल नऊच्या पुढे माडांच्या मागून चंद्र आला. मावशीने अर्घ्य दिलं, माझ्या हातावर मोदक ठेवला.

आज नववा अध्याय गीताईतून वाचा. आई घरात असेल तर जरा मोठ्याने.