पेटी आणि कपाट

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं नि तो बडोद्याचा सयाजीराव झाला. त्याची निवड कुणी विचारली असेल, असं मला वाटत नाही.

1906 मध्ये महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. प्रजेलाही विचारलं नाही! 1910 मध्ये मात्र अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना आणलं. खेड्यांत पुस्तकांच्या भरलेल्या पेट्या फिरू लागल्या. शहरातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात वाचक कपाटापाशी जाऊन स्वतः निवडू लागला.

पेटी मला विंडोजसारखी वाटते: उघडा, वापरा. कपाट लिनक्ससारखं: हवं ते घ्या, पण शोधत बसा. आम्ही लिनक्सवाले पेटीला हसतो. पण नुकतंच वाचायला शिकलेल्याला नुसतं कपाट दाखवून काय उपयोग? महाराजांनी दोन्ही ठेवलं. 1939 मध्ये ते गेले. मांडवीजवळचं ग्रंथालय अजून चालू आहे.