लेखणीवर घर चालवणारे शेळके

उद्धव शेळके यांचा जन्म १९३१ सालचा, हिंगणघाटचा. पण ते झाले अमरावतीचे. १९६० साली त्यांची ‘धग’ आली आणि कौतिक ही वऱ्हाडातली राबणारी बाई, आपल्या अस्सल बोलीसह, मराठी घराघरांत पोचली. कादंबरीचे खूप कौतुक झाले.

पण कौतुकाने चूल पेटत नाही. प्रकाशनाचा सारा व्यवहार पुण्या-मुंबईचा, हे अमरावतीत, आणि पोट लेखनावरच भरायचे हा हट्ट. एका पुस्तकाच्या मानधनात किती दिवस निघणार? मग प्रकाशकांना हव्या तशा कादंबऱ्या त्यांनी भराभर लिहून दिल्या. त्यांत शृंगारिकही होत्या. संख्या शंभराच्या आसपास गेली. वाचक मिळाले, समीक्षक मात्र दुरावले. ‘धग’चा लेखक बाजारात हरवला, असे बोलले जाऊ लागले.

घाईतली पुष्कळ पुस्तके कच्ची आहेत, हे मान्य. तरी निवाडा पटत नाही. लाहोरात मंटोही रोजच्या खर्चापायी कथा लिहून देत असे; त्याला आपण कलंदर म्हणतो आणि आपल्याच गावच्या शेळक्यांना बाजारू! महिन्याचा पगार घेऊन शुद्ध साहित्य लिहिणे त्या मानाने सोपे.

शेळके १९९२ मध्ये गेले. ‘धग’ अजून छापली जाते, अजून वाचली जाते.