स्वयंनिर्णय राजाचा की रयतेचा?

अजिंठ्याची लेणी पाहावयास निघालेला प्रवासी फर्दापूरला उतरतो, चहा घेतो आणि पुढे जातो. मोगल काळातील सराई त्याच्या दृष्टीस पडते. परंतु या गावाच्या उत्तरेस अवघ्या काही मैलांवर एके काळी एक राज्य संपत होते, हे त्याच्या ध्यानी येत नाही. फर्दापूर निजामाचे आणि पलीकडील वाकोद-पहूर इंग्रजी अमलातील खानदेशात. बोली तीच, कापूस तोच, सोयरिकीही त्याच. पण अलीकडे हाली रुपया आणि पलीकडे कलदार. सहा कलदारांना सात हाली असा सर्वसाधारण भाव. सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर हैदराबाद सरकारची करोडगिरी, म्हणजे जकात. विनिमयाचा दर शिकविण्याची वेळ आली की प्रस्तुत लेखक विद्यार्थ्यांना लंडन-न्यूयॉर्कला न नेता या सरहद्दीवर आणतो.

ज्याचे नाणे वेगळे, टपाल वेगळे, रेल्वे आणि फौज वेगळी, ते राष्ट्रच नव्हे काय, असा प्रश्न मग एखादा हुशार विद्यार्थी विचारतो. प्रश्न मुळीच पोरकट नाही. १९४७ साली हैदराबादच्या दरबारात हाच युक्तिवाद चालू होता. त्याला ज्यांनी आयुष्यभर उत्तर दिले ते स्वामी रामानंद तीर्थ. दर वर्षी १७ सप्टेंबरला आपण त्यांच्या तसबिरीस हार घालतो. पण त्यांनी दिलेले उत्तर नेमके काय होते, याची उजळणी क्वचितच करतो.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा; म्हणजे मराठवाड्याच्या या नेत्याचा जन्म मराठवाड्यात झालेला नाही, एवढेच नव्हे तर निजामाच्या राज्यातही झालेला नाही. सोलापुरात शिकत असता १९२० साली लोकमान्यांचे निधन झाले, असहकाराची हाक आली, आणि या मुलाने सरकारी शाळा सोडली. लग्न करावयाचे नाही, देशकार्यास वाहून घ्यावयाचे, हा निश्चय त्याच वयातला. पुढील शिक्षण राष्ट्रीय शिक्षणसंस्थांत झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी कामगारनेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले. हा तपशील चरित्रकार दोन ओळींत उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. भगवी वस्त्रे धारण करणाऱ्या या माणसाच्या बोलण्यात मजुरी, कूळ, खंड, वेठ हे शब्द पुढे सातत्याने आले, त्याचे मूळ येथे आहे.

प्रकृती ढासळल्यावर ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. तेथे असतानाच तिशीच्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी संन्यास घेतला. १९३५ च्या सुमारास बाबासाहेब परांजपे यांच्यासह ते मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, योगेश्वरी विद्यालयात गेले. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी ध्यानात घ्यावे की मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याची पहिली फळी कचेऱ्यांत किंवा पेढ्यांवर नव्हे, तर अशा फाटक्या शाळांत तयार झाली.

याला कारण होते. हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे. १९४१ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख. ढोबळमानाने आठ जिल्हे तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. राजभाषा मात्र उर्दू. उस्मानिया विद्यापीठाने १९१८ साली इंग्रजीऐवजी देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचे धाडस केले, हे श्रेय त्याचे त्याला दिलेच पाहिजे. अजिंठ्याची भित्तिचित्रे सांभाळण्यासाठी इटलीहून कारागीर आणणारे राज्यही हेच होते. परंतु ती देशी भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती. मराठी मुलाला मातृभाषा प्राथमिक शाळेच्या उंबरठ्यापर्यंत सोबत करी. त्यापुढे तिची गरज नाही असे राज्य गृहीत धरून चालले होते. सभा भरवावयाची तर पूर्वपरवानगी हवी. त्यासंबंधीची गश्ती निशान त्रेपन्न हे शब्द जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी कायम असत. जमिनीचे म्हणाल तर राज्याचा सुमारे चाळीस टक्के मुलूख जहागिरी आणि सर्फेखास, म्हणजे खुद्द निजामाची खासगी मालमत्ता, यांत मोडत होता. तेथील कुळाला कायदा म्हणजे जहागीरदाराची मर्जी.

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परिषदेच्या मागण्या अगदी साध्या होत्या: शिक्षण, भाषा, सभास्वातंत्र्य. स्वामीजी तिच्या कामात शिरले आणि १९३८ साली शाळा सोडून पूर्ण वेळ राजकारणात आले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हावयाची होती. ती रीतसर जन्मास येण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. सरकारचा एक मोठा आक्षेप चक्क नावावर होता. काँग्रेस हे नाव म्हणजे बाहेरच्या संस्थेशी नाते, आणि बाहेरच्याशी नाते म्हणजे राजद्रोह, असा हिशोब. नाव बदलून काम पुढे न्यावे, असे मवाळांना वाटत होते. व्यवहार पाहता ते चूक होते असे म्हणवत नाही. स्वामीजींना ते मानवले नाही. आम्ही कोण हे राज्याने ठरवावयाचे की आम्ही, हा त्यांच्या दृष्टीने मूळ प्रश्न होता. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. लढा धार्मिक भासू नये म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबरमध्ये स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबविला. अनेक तरुण कार्यकर्ते हळहळले. लढा राजवटीशी आहे, तिच्या धर्माशी नाही, हे सांगण्याची किंमत त्यांनी त्या दिवशी मोजली.

१९४० आणि १९४२ ला पुन्हा तुरुंग. १९४६ मध्ये बंदी उठली आणि वर्षभरातच खरी कसोटी आली. जून १९४७ मध्ये निजामाने जाहीर केले की इंग्रज गेल्यावर हैदराबाद कोणत्याही राज्यघटनेत सामील न होता स्वतंत्र राहील. याच सुमारास हैदराबादला भरलेल्या अधिवेशनात अध्यक्ष स्वामीजींनी भारतात सामील होण्याची आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली. एकीकडे स्वयंनिर्णयाचा हक्क राजा मागत होता, दुसरीकडे रयत. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. मधले काही आठवडे वगळता पोलीस कारवाई पुरी होईपर्यंत ते बंदिवासातच होते. उमरखेड, मनमाड, बार्शी अशा सरहद्दीवरील छावण्यांतून दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदींनी लढा चालविला. आपण लहान राष्ट्र आहोत आणि बलाढ्य शेजारी आपणांस गिळू पाहतो, असे गाऱ्हाणे निजामाच्या प्रतिनिधींनी सप्टेंबर १९४८ मध्ये पॅरिस येथे सुरक्षा समितीपुढेही मांडले.

बलाढ्याविरुद्ध लहान म्हटले की जगाची सहानुभूती लहानाकडे वळते. या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांना ती मिळाली होती. डच वंशाचे हे शेतकरी. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही त्यांची दोन प्रजासत्ताके. सोन्याच्या खाणी निघाल्या, इंग्रजांचा डोळा गेला, १८९९ ते १९०२ असे युद्ध झाले. किचनेरने उभारलेल्या छावण्यांत सव्वीस हजारांहून अधिक बोअर बायका-मुले मेली. त्यांचा अभिमान, त्यांची भाषा, मान्यतेची त्यांची भूक, यांत खोटे काही नव्हते. पण त्या छावण्यांत हजारो कृष्णवर्णीयही मेले, आणि त्यांची मोजदाद करण्याची निकड फारशी कोणास वाटली नाही. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी देशातील जेमतेम सात टक्के जमीन ठेवली. १९२५ साली आफ्रिकान्स राजभाषा झाली. आणि मे १९४८ मध्ये, निजामाची फौज शरण येण्याच्या चारच महिने आधी, आफ्रिकानेर राष्ट्रवादी सत्तेवर येऊन वर्णभेदाचे कायदे रचू लागले. दुखावलेला समाज स्वतःसाठी जे मागतो ते शेजाऱ्याला देईलच, असे नाही.

म्हणून हैदराबादसंबंधी विचारावयाचा प्रश्न लहान-मोठ्याचा नव्हता. ज्या राज्यात मतदार नाही, त्या राज्याच्या वतीने स्वयंनिर्णय कोण करतो, एवढाच तो प्रश्न होता. तो हिंदूंनीच विचारला असेही नाही. इमरोज पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू उघड मांडली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये ते मारेकऱ्यांना बळी पडले. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हे नाव आपण फारच हळू आवाजात घेतो.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला, स्वामीजी सुटले. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि लगतच्या जिल्ह्यांत काय घडले, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधून सापडत नाही. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षाच्या अखेरीस दौरा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळल्याचे तिला आढळले, आणि संस्थानभरातील बळींचा तिचा अंदाज किमान सत्तावीस ते चाळीस हजार होता. त्यांत मुसलमानच प्रामुख्याने होते. रझाकारांनी त्यापूर्वी केलेले अत्याचार खरेच होते. पण त्यांचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला त्यांतील बहुतेकांनी रझाकाराचा गणवेश कधी अंगात घातला नव्हता. हा अहवाल अभ्यासकांना खुला व्हावयास २०१३ साल उजाडले. धर्मापलीकडे लढा नेण्यासाठी १९३८ मध्ये सत्याग्रह थांबविणाऱ्या संघटनेच्या इतिहासात हे पान चिकटवून न टाकता वाचलेच पाहिजे.

स्वामीजींनी मंत्रिपद घेतले नाही. संघटनेत गट पडले. जमिनीच्या प्रश्नावर ते आणि त्यांचे डावे सहकारी आग्रही, तर दुसरी बाजू सबुरीची. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. गोविंदभाईंसारखे निकटचे सहकारी काँग्रेसबाहेर पडले, स्वामीजी आत राहिले; आतही ते एकाकीच होते.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय मात्र यानंतरचा आहे, आणि त्याचा गाजावाजा सर्वांत कमी झाला. निजाम राजप्रमुख म्हणून ऑक्टोबर १९५६ पर्यंत टिकला; संस्थान एकसंध ठेवावे असे पंडित नेहरूंसह अनेकांना दीर्घ काळ वाटत होते. स्वामीजींचे नेतृत्व उभे होते ते याच तीन भाषांच्या संस्थानावर. नरसिंह रावांसारखा तेलुगू तरुण त्यांना गुरू मानी. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत त्यांना लोकसभेवर पाठविले ते गुलबर्ग्याच्या मतदारांनी. असे असता संस्थान भाषेनुसार तोडा, असा आग्रह त्यांनीच धरला. कुळाला कचेरीतला कागद वाचता आला पाहिजे, एवढ्यावर त्यांचे लोकशाहीचे गणित येऊन थांबत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्रिभाजन झाले. गुलबर्गा म्हैसुरात गेला, तेलंगण आंध्रात, मराठवाडा द्विभाषिक मुंबईत. ज्या राजकीय भूमीवर ते उभे होते ती त्यांनी स्वतःच्या हाताने तीन ठिकाणी वाटून टाकली. १९५७ मध्ये ते औरंगाबादहून निवडून आले आणि १९६२ नंतर संसदेत दिसले नाहीत.

मराठवाडा महाराष्ट्रात आला तो बिनशर्त, ही आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला तिची दुसरी बाजूही दिसते. १९७४ चे विकास आंदोलन, दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजलेला अनुशेष, १९९४ ची वैधानिक विकास मंडळे आणि २०२० च्या एप्रिलअखेर संपलेली त्यांची मुदत, हा सारा त्या बिनशर्तपणाचा उत्तरार्ध आहे.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींचे निधन झाले. ज्या मराठवाड्याला त्यांनी नाव मिळवून दिले, तेथे सहाच वर्षांनी नावावरूनच आग लागली. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि गावोगाव दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. विरोध करणाऱ्यांत मुक्तिलढ्यातील काही ज्येष्ठही होते. मराठवाडा हे नाव रक्त सांडून मिळविले आहे, अशी त्यांची भावना. ती भावना खोटी नव्हती. परंतु निजामाच्या राज्यात मराठी माणूस जी मान्यता मागत होता, तीच मान्यता मराठवाड्यातील दलित आता मराठवाड्याकडे मागत होता, आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उघडून बाबासाहेबांनी या भूमीत उच्च शिक्षणाची वाट कोणासाठी मोकळी केली, हे सर्वांना ठाऊक होते. निर्णयास सोळा वर्षे लागली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी नांदेडला निघालेल्या नव्या विद्यापीठास स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिळाले.

आज फर्दापूर-सोयगावच्या मुलांच्या पदवीपत्रावर बाबासाहेबांचे नाव असते आणि किनवट-देगलूरच्या मुलांच्या पदवीपत्रावर स्वामीजींचे.