हॅरी ट्रूमन यांचे अपुरे विधेयक

अमेरिकेत मुलाकडे वा मुलीकडे काही महिने राहावयास जाणारे पुण्या-मुंबईचे आईवडील व्हिसाइतकीच काळजी आरोग्य विम्याची घेतात. तेथे आजारी पडणे परवडत नाही, हे आता आपल्याकडे घरोघरी ठाऊक झाले आहे. परंतु जगातील सर्वांत धनाढ्य देशात ही धास्ती तेथील नागरिकांनाही का वाटावी? या प्रश्नाचा माग काढत गेले, की आपण १९४५ सालापाशी येऊन पोहोचतो आणि समोर येतात अध्यक्ष हॅरी ट्रूमन. हिरोशिमा आणि नागासाकीवरील अणुबॉम्बच्या वापरास संमती देणारा राष्ट्रप्रमुख म्हणून जग त्यांना ओळखते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांनी अमेरिकेतील सर्व थरांतील लोकांसाठी राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना मांडली होती, ही गोष्ट मात्र विस्मरणात गेली.

ट्रूमन यांचा जन्म ८ मे १८८४ रोजी मिसुरी राज्यातील लमार या लहानशा गावी झाला. वडील जनावरांचा व्यापार आणि शेती करीत. हॅरी सहा वर्षांचे असताना कुटुंब इंडिपेंडन्स या गावी राहावयास आले आणि पुढे आयुष्यभर हेच त्यांचे गाव झाले. त्यांची दृष्टी अतिशय अधू असल्याचे आईच्या लक्षात आले आणि लहानपणीच जाड भिंगांचा चष्मा लागला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना घटसर्प झाला. आजार हटला, पण हातपाय लुळे पडले. काही महिने आई त्यांना बाबागाडीत बसवून फिरवीत असे. औषधोपचार झाले, सेवा करणारे माणूस घरात होते, म्हणून मुलगा पुन्हा उभा राहिला. या दोहोंपैकी एकही गोष्ट नशिबी नसलेली मुले त्या काळी आजूबाजूला पुष्कळ होती.

शाळा संपता संपता वडिलांना धान्याच्या सट्ट्यात खोट आली आणि महाविद्यालयाची वाट बंद झाली. लष्करी अकादमीची दारे दृष्टिदोषामुळे मिटलेलीच होती. ट्रूमन यांनी कॅन्सस सिटीत बँकेत कारकुनी केली आणि १९०६ पासून सुमारे अकरा वर्षे ग्रँडव्ह्यू येथे घरची शेती कसली. नॅशनल गार्डमध्ये भरती होताना दृष्टितपासणीचा तक्ता पाठ करून ते उत्तीर्ण झाले, असे सांगितले जाते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यांनी तोफखान्याच्या तुकडीचे नेतृत्व केले. परतल्यावर १९१९ साली बालमैत्रीण बेस वॉलेस यांच्याशी विवाह झाला आणि युद्धातील एका सहकाऱ्याबरोबर कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचे दुकान काढले. मंदीच्या लाटेत १९२२ साली ते बुडाले. ट्रूमन यांनी दिवाळे जाहीर केले नाही; पुढील कित्येक वर्षे ते दुकानाचे कर्ज फेडीत राहिले. अचानक आलेल्या संकटाने बेताच्या मिळकतीचे कुटुंब कसे रुतते, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते.

त्याच वर्षी ते राजकारणात आले. जॅक्सन काउंटीचे ‘जज्ज’ म्हणून ते निवडून आले, पण या हुद्द्याचा न्यायदानाशी संबंध नव्हता. रस्ते, वृद्धाश्रम, गोरगरिबांची रुग्णालये यांचा कारभार पाहणारे ते पद होते. आपल्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाशी त्याची तुलना करता येईल. कॅन्सस सिटीच्या बदनाम पेंडरगास्ट गटाच्या पाठबळावर त्यांना हे पद मिळाले, हेही नमूद केले पाहिजे; व्यक्तिशः ट्रूमन मात्र हाताचे स्वच्छ राहिले. खिशात पैसे नाहीत म्हणून उपचारांवाचून राहिलेली माणसे त्यांनी याच काळात जवळून पाहिली. आरोग्य विम्याच्या प्रश्नावर पुढे त्यांनी दाखविलेल्या हट्टाचे मूळ पुस्तकी विचारात नव्हते, ते या कारभाराच्या अनुभवात होते.

१९३४ साली ट्रूमन सिनेटवर निवडून गेले. पुढच्याच वर्षी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षेचा ऐतिहासिक कायदा केला. त्यात वृद्धांना निवृत्तिवेतन आणि बेकारांना भत्ता होता, पण आरोग्य विमा नव्हता. जर्मनीने १८८३ सालीच कामगारांचा आजारपण विमा सुरू केला होता, ब्रिटनने १९११ साली त्याचे अनुकरण केले होते. अमेरिकेत मात्र डॉक्टरांची बलाढ्य संघटना, अमेरिकन मेडिकल असोसिएशन, १९२० पासून सक्तीच्या विम्याच्या विरोधात ठाम उभी होती. तिच्याशी झुंज घेतल्यास सगळाच कायदा बुडेल, या भीतीने रूझवेल्ट यांनी तो भाग वगळला. ते उणे राहिलेले कलम भरून काढण्यासाठी १९४३ साली न्यूयॉर्कचे सिनेटर रॉबर्ट वॅग्नर, मोंटानाचे सिनेटर जेम्स मरे आणि मिशिगनचे प्रतिनिधी जॉन डिंगेल यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा समावेश असलेले विधेयक आणले. युद्धाच्या धामधुमीत ते पडून राहिले.

१२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट यांचे निधन झाले आणि अवघे ८२ दिवस उपाध्यक्षपदी असलेले ट्रूमन अध्यक्ष झाले. महायुद्ध संपून तीन महिने होतात न होतात तोच, १९ नोव्हेंबर १९४५ रोजी, त्यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, केवळ आरोग्य या एकाच विषयावर संदेश पाठविला. त्यातील आकडे बोलके होते. सैन्यभरतीसाठी तपासलेल्या तरुणांपैकी सुमारे ३० टक्के, म्हणजे जवळजवळ ५० लाख, लष्करी सेवेस अपात्र ठरले होते. देशातील सुमारे १,२०० काउंट्यांत एक तर रुग्णालयच नव्हते किंवा होते ते किमान दर्जाचेही नव्हते. तेथे दीड कोटी लोक राहत होते.

संदेशात पाच सूचना होत्या : रुग्णालयांची उभारणी, सार्वजनिक आरोग्य व माता-बालसेवांचा विस्तार, वैद्यकीय शिक्षण व संशोधनास मदत, आजारपणात बुडणाऱ्या मजुरीची भरपाई आणि सर्वांत महत्त्वाची, राष्ट्रीय आरोग्य विमा. विम्याचे तत्त्व साधे होते. आजारी पडेल त्यानेच सारा खर्च सोसण्याऐवजी आजारी व निरोगी अशा सर्वांनी मिळकतीच्या प्रमाणात एका निधीत वर्गणी भरावी आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याचे बिल त्या निधीतून भागवावे. ज्यांना वर्गणी झेपणार नाही त्यांच्यासाठी सरकारने भरावी. डॉक्टर निवडण्याचे स्वातंत्र्य रुग्णाला आणि योजनेत येण्या-न येण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरला राहणार होते. रुग्णालये सरकारजमा होणार नव्हती. अर्थात ही सरकारी वैद्यकसेवा नव्हे, असे ट्रूमन यांनी संदेशातच बजावले होते. त्याच दिवशी वॅग्नर, मरे आणि डिंगेल यांचे सुधारित विधेयक दाखल झाले.

तो खुलासा कोणी ऐकून घेतला नाही. एप्रिल १९४६ मध्ये सिनेट समितीपुढे सुनावणी सुरू झाली, तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे धुरीण रॉबर्ट टाफ्ट यांनी विधेयकावर समाजवादाचा शिक्का मारून सभात्याग केला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत काँग्रेसची दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांच्या हाती गेली. पाच सूचनांपैकी रुग्णालय उभारणीची तेवढी त्या वर्षी हिल-बर्टन कायद्याच्या रूपाने पदरात पडली. या कायद्याने गावोगावी रुग्णालये उभी राहिली. परंतु दक्षिणेकडील सदस्यांच्या आग्रहाने गोऱ्यांसाठी व काळ्यांसाठी वेगळ्या सोयी ठेवण्याची मुभाही त्यात राहिली. ती १९६३ साली न्यायालयाने रद्द ठरविली. ट्रूमन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातील हे दाक्षिणात्य सदस्य विमा विधेयकालाही अनुकूल नव्हते. केंद्राचा पैसा आला की त्यामागून वर्णभेदाला हात घालणारे केंद्राचे नियमही येतील, ही त्यांची भीती होती.

ट्रूमन यांनी १९४७ साली पुन्हा संदेश पाठविला. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी हा मुद्दा आगगाडीने गावोगाव फिरून मांडला. ते हरणार हे सर्वांनी धरूनच ठेवले होते; एका मोठ्या वृत्तपत्राने तर प्रतिस्पर्धी टॉमस ड्युई यांच्या विजयाची बातमी छापूनही टाकली. ट्रूमन जिंकले, काँग्रेसही डेमोक्रॅटिक पक्षाकडे परतली. आता विधेयक मंजूर होणार असे वाटू लागले.

डॉक्टरांच्या संघटनेलाही तसेच वाटले. तिने प्रत्येक सभासदावर २५ डॉलरची पट्टी बसविली आणि कॅलिफोर्नियातील व्हिटेकर व बॅक्स्टर या प्रचारतज्ज्ञ दाम्पत्याला कामाला लावले. कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन गव्हर्नर अर्ल वॉरन यांची अशीच राज्य योजना याच जोडीने १९४५ साली हाणून पाडली होती. १९४९ या एका वर्षात या मोहिमेवर सुमारे १५ लाख डॉलर खर्च झाले. आजारी बालकाच्या उशाशी चिंतामग्न बसलेल्या डॉक्टरचे ल्यूक फिल्ड्स यांचे १८९१ चे प्रसिद्ध चित्र दवाखान्यांच्या भिंतींवर लागले आणि रुग्ण व डॉक्टर यांच्यामध्ये राजकारण नको, असा संदेश त्याखाली दिला गेला. एका पत्रकात तर सरकारी वैद्यकसेवा ही समाजवादी राज्याची गुरुकिल्ली असल्याचे वचन लेनिनच्या नावावर खपविण्यात आले. काँग्रेसच्या ग्रंथालयाला ते लेनिनच्या लेखनात कोठेही सापडले नाही.

येथे ट्रूमन यांच्या पराभवातील सर्वांत बोचरी बाब ध्यानात घेतली पाहिजे. ज्या साम्यवादाच्या भीतीने त्यांचे विधेयक गिळले, ती भीती वाढविण्यात त्यांचा स्वतःचाही हात होता. १९४७ च्या मार्चमध्ये त्यांनी साम्यवादाच्या प्रसाराविरुद्ध जागतिक धोरण घोषित केले आणि त्याच महिन्यात केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या निष्ठेची चौकशी करण्याचा हुकूम काढला. शेजारचा कारकून छुपा कम्युनिस्ट असू शकतो, असे सरकारच सांगू लागल्यावर सरकारी विमाही छुपा कम्युनिझम असू शकतो, हे लोकांना पटविणे विरोधकांना अवघड गेले नाही. परराष्ट्र धोरणासाठी पेटविलेली आग घरातल्या सुधारणेलाही लागली. १९४९ चे विधेयक काँग्रेसमध्येच अडकून पडले. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले आणि सरकारचे लक्ष व पैसा तिकडे वळला. त्या वर्षीच्या निवडणुकांत फ्लोरिडाचे क्लॉड पेपर यांच्यासारखे विम्याचे खंदे पुरस्कर्ते पराभूत झाले.

दरम्यान जमीनही पायाखालून सरकत होती. महायुद्धात वेतनवाढीवर निर्बंध असल्याने कारखानदार कामगारांना विम्याचे आमिष दाखवू लागले होते. युद्धानंतर कामगार संघटनांनी वेतनकरारांतूनच विमा मिळविण्यास सुरुवात केली. नोकरदार मध्यमवर्ग आणि संघटित कामगार यांची सोय अशी परस्पर झाली आणि राष्ट्रीय योजनेमागचा दबाव ओसरला. उरले ते म्हातारे, बेकार आणि किरकोळ रोजगारावर जगणारे. म्हणजे ज्यांना विम्याची गरज सर्वांत जास्त आणि ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण. ट्रूमन यांच्या प्रशासनातील ऑस्कर युइंग यांनी १९५१ साली एक पाऊल मागे घेऊन निदान वृद्धांना रुग्णालयाच्या खर्चाचा विमा द्यावा, असे सुचविले. तेही तेव्हा झाले नाही.

जानेवारी १९५३ मध्ये ट्रूमन पायउतार झाले आणि इंडिपेंडन्सच्या आपल्या जुन्या घरी परतले. माजी अध्यक्षांना तेव्हा निवृत्तिवेतन नव्हते. लष्कराचे तुटपुंजे वेतन हाच आधार होता. आठवणी लिहिताना त्यांनी आरोग्य विम्याच्या अपयशाला आपल्या कारकिर्दीतील मनाला सर्वाधिक लागलेली निराशा ठरविले. कोरियाचे युद्ध अनुभवलेल्या अध्यक्षाने हे लिहावे, यातच या विषयाशी असलेली त्यांची जवळीक दिसते.

३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन मुद्दाम इंडिपेंडन्सला आले. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर त्यांनी ८१ वर्षांच्या ट्रूमन यांच्या साक्षीने सही केली. मेडिकेअरचे पहिले कार्ड ट्रूमन यांना आणि दुसरे बेस यांना मिळाले. २६ डिसेंबर १९७२ रोजी कॅन्सस सिटीच्या रुग्णालयात वयाच्या ८८ व्या वर्षी ट्रूमन निवर्तले.

तो सोहळा विजयाचा म्हणून सांगितला जातो आणि एका अर्थी तो होताही. पण ते कार्ड वृद्धांचे होते. कापडदुकान बुडालेल्या अडतिशीतल्या हॅरी ट्रूमनला ते मिळाले नसते. जॉन डिंगेल १९५५ साली वारले. त्यांच्या जागी निवडून आलेले त्यांचे पुत्र जॉन डिंगेल वडिलांचे विधेयक अनेक दशके प्रत्येक नव्या काँग्रेसमध्ये नेमाने मांडीत राहिले. २०१० साली बराक ओबामा यांनी विम्याची व्याप्ती पुष्कळ वाढविली, पण ती मुख्यतः खासगी कंपन्यांच्या आणि नोकरीशी बांधलेल्या विम्याच्या जुन्याच चौकटीत. २०२३ सालीही अडीच कोटींहून अधिक अमेरिकी नागरिक व रहिवासी विम्यावाचून होते.

१९४५ साली सर्वांनी मिळून एक निधी उभारण्याची संधी होती, कारण तेव्हा बहुतेक सगळेच विम्यावाचून होते. पुढे ज्यांची सोय झाली त्यांना राहिलेल्यांसाठी वर्गणी भरावीशी वाटली नाही. ट्रूमन यांचे विधेयक हरले तेव्हा अमेरिकेने एक योजना गमावली, इतकेच नव्हे. ती सर्वांची असण्याची वेळही तिने गमावली, आणि ती वेळ अजून परतलेली नाही.